राहून गेलेली बोळवण

आमच्या संस्थेला अध्यक्ष नव्हता, आणि या गोष्टीचा आम्हाला भलताच अभिमान होता. खरं तर ती धड संस्थाही नव्हती. वाशीतलं आमचं नाटकमंडळ, घणसोली गावातल्या धवला, म्हणजे लग्नाची गाणी, म्हणणाऱ्या बाया आणि तुर्भ्याच्या कामगार वस्तीतलं भजनी मंडळ, या तिघांनी मिळून वर्षातून एखादा मोठा कार्यक्रम करायचा, एवढंच ठरलं होतं. सुरुवातीला तिघंही एकमेकांकडे जरा जपूनच बघत होते. आम्ही फ्लॅटवाले शिष्ट, घणसोलीकर मानपानाचे भुकेले आणि भजनवाले वेळेवर कधीच येणार नाहीत, असं प्रत्येकाचं दुसऱ्याबद्दल पक्कं मत होतं. म्हणून पहिल्याच बैठकीत नियम झाला की पुढारी कोणी नाही, पोस्टरवर नाव कोणाचं नाही, आणि प्रत्येकाचा 'हो' आल्याशिवाय कुठलीही गोष्ट ठरली असं मानायचं नाही.

मला हा नियम मनापासून आवडायचा. माझी सगळी नोकरी कोणाच्या ना कोणाच्या हाताखाली गेली आहे, आणि माझ्यावर कोणी आवाज चढवला की उलट बोलायची मला खोड आहे. इथे आवाज चढवणारं कोणी नव्हतं. आमच्या दिग्दर्शकाला आम्ही वर्षानुवर्षं 'सर' म्हणत आलो होतो, ते बंद करून सगळे त्याला नावाने हाक मारायला लागलो. आपल्याला कोणी हाक मारतंय हे त्या बिचाऱ्याला पहिले काही महिने कळायचंच नाही.

आमचा पहिला कार्यक्रम म्हणजे एक लग्न होतं, गावाचं आणि शहराचं. नवरा नाही, नवरी नाही, रंगमंचावर नुसता मांडव आणि तिन्ही मंडळांची वऱ्हाडी मंडळी. लग्न लावायचं काम घणसोलीच्या मावशींकडे होतं. या मावशी धवलारीण, म्हणजे आगरी लग्नात सगळे विधी गाण्यातून पार पाडणारी बाई. धवलारीण एक ओळ म्हणते आणि मागच्या बाया ती ओळ झेलतात, म्हणजे तीच पुन्हा म्हणतात, आणि असं तासन्‌तास चालतं. मावशींची गावठाणात स्वतःची तीन मजली इमारत होती, खोल्या भाड्याने दिलेल्या होत्या, आणि त्यांचा एकंदर कारभार बघता भाडेकरू त्यांना टरकून असावेत. आम्हीही होतो.

धवल्यात आधी देवांना बोलावणं जातं आणि मग घरातल्या गेलेल्या माणसांना, एकेकाचं नाव घेऊन. मावशींनी तालमीतच प्रश्न काढला, की लग्न जर दोन्ही घरचं आहे तर मेलेली माणसं फक्त त्यांच्याच घरची का बोलवायची. तुमचीही नावं सांगा म्हणाल्या. आम्ही हसलो. जिवंत माणसांची नावं पोस्टरवर नकोत आणि मेलेल्यांची मात्र गाण्यात हवीत, असा विनोदही कोणीतरी केला. पण नावं दिली. भजनी मंडळाच्या बुवांनी आपल्या वडिलांचं दिलं, दिग्दर्शकाने थोरल्या भावाचं दिलं, मी माझ्या आईचं दिलं. आईला जाऊन तेव्हा वर्ष होत आलं होतं. मी ऑफिसात असताना, भर दुपारी, शेजारच्या बाईंशी बोलता बोलता ती गेली होती.

कार्यक्रम झाला तेव्हा मी मांडवाच्या खांबाला धरून उभी होते. मावशींच्या तोंडून माझ्या आईचं नाव आलं, त्या लांबट, नाकातून येणाऱ्या सुरात, आणि मागच्या बायकांनी ते झेललं. आईला कधीही न पाहिलेल्या बायका तिला मांडवाला या म्हणत होत्या. मला प्रेक्षकांसमोर हुंदका आला आणि तो अभिनय समजून पुढच्या रांगेतल्या कोणीतरी टाळी वाजवली. मला राग आला नाही, उलट बरंच वाटलं.

त्यानंतर दुसऱ्या प्रयोगाच्या तालमी सुरू झाल्या. बुवांनी ओळखीने तुर्भ्यात एका बंद पडलेल्या कारखान्याची शेड मिळवली होती. बुवा तिथल्याच एका शीतगृहात फोर्कलिफ्ट चालवायचे. शेडमध्ये अजून मशीनच्या तेलाचा वास होता, वर पत्रा होता, आणि बाहेर दिवसभर रिव्हर्स घेणाऱ्या ट्रकची टूं टूं चालायची. आम्ही दर शनिवारी दुपारी जमायचो, सतरंज्या अंथरून गोल बसायचो. धवल्याची ओळ आता तिन्ही मंडळांनी मिळून झेलायची असं ठरलं होतं, म्हणजे बायका, भजनवाले आणि आम्ही नाटकवाले सगळे एकत्र.

एका शनिवारी बुवांनी दिग्दर्शकाला बाजूला घेऊन फार अदबीने सांगितलं, की तुमच्याकडच्या नव्या ताईंना जरा समजवा, त्या ओळ उशिरा सोडतात. दिग्दर्शक म्हणाला, आमच्याकडे कोणी नवीन नाही, त्या मावशींकडच्या असतील. मावशी म्हणाल्या, त्या बाईचा आवाज त्यांनाही खुपतोय, पण परक्या मंडळातल्या बाईला कशाला बोलायचं म्हणून त्या गप्प राहिल्या होत्या. म्हणजे तिघांनीही तो आवाज कित्येक शनिवार ऐकला होता, आणि तो दुसऱ्याचा आहे असं धरून सभ्यपणे सोडून दिलं होतं. आमच्यात कोण आलं, कोण नाही, हे बघणारं कोणी नव्हतंच.

मग मंडळं वेगवेगळी म्हणायला बसवली. आधी घणसोलीच्या बायका म्हणाल्या. ओळ व्यवस्थित सुरू झाली आणि व्यवस्थित संपली. मग भजनवाले म्हणाले, मग आम्ही म्हटलं. कुठेच काही नाही. म्हणून शेवटी सगळ्यांनी मिळून म्हटलं, आणि सगळे थांबल्यावर एका बाईचा शेवटचा शब्द मागून एकटाच आला. जाडसर, थोडा बसका आवाज होता. पत्र्याला लागून परत यावा तसा तो नव्हता, तो आमच्यातच बसून म्हटलेला होता. मोबाइलवर रेकॉर्ड करावं अशी एक सूचना आली, पण तिला कोणीच 'हो' म्हटलं नाही.

त्या दिवशी मला आणखी एक गोष्ट दिसली. आम्ही गोलात बसायचो तेव्हा दाराच्या बाजूला एका माणसापुरती जागा मोकळी राहत होती. ती सोडायची असं कोणी ठरवलं नव्हतं. दोन्हीकडची माणसं अंग चोरून बसायची, आणि का ते त्यांनाही सांगता आलं नाही. मी त्या जागेवरून नजर काढत नव्हते.

 मावशींनी एकच विचारलं.

"बोलवन कोनी बोलली?"

बोलवन, म्हणजे बोळवण, हा धवल्याचा शेवट. लग्न उरकलं की बोलावलेल्या सगळ्यांना पुन्हा नाव घेऊन निरोप द्यायचा असतो. पहिला कार्यक्रम लांबत होता, म्हणून प्रत्येकाने आपापला भाग आपणच कमी करावा असं एकमताने ठरलं होतं. मावशींनी बोळवण गाळली, कारण शेवटी भजन आहे, भजनात निरोप होईलच असं त्यांनी धरलं. बुवांनी निरोपाचा अभंग गाळला, कारण नाटकवाल्यांच्या शेवटच्या प्रवेशात पाहुणे मांडवातून जाताना दाखवणार होते. आणि आम्ही तो प्रवेश काढला, कारण गाण्यात निरोप असताना पुन्हा अभिनयात कशाला. प्रत्येकाने समजूतदारपणे दुसऱ्यासाठी जागा केली होती. बोलावलेल्यांना परत जा म्हणून कोणी सांगितलंच नव्हतं.

खात्री करायला अजून एकदा सगळ्यांनी ओळ म्हटली. मी मात्र म्हटली नाही, डोळे मिटून ऐकत राहिले. सगळे थांबले आणि तो शेवटचा शब्द आला, आणि मला आमच्या सोसायटीतला गणपती आठवला. आरतीत सगळे थांबले की आईचा शेवटचा शब्द एकटाच यायचा. पोरं हसायची. आईला त्याचं काही नसायचं, देवाला काय घाई आहे म्हणायची.

पुढच्या शनिवारी बोळवण म्हणून टाकावी, असं मावशींनी मांडलं. रिवाजाप्रमाणे गोलात एकेकाला विचारत गेले. बुवा हो म्हणाले. दिग्दर्शक हो म्हणाला. बायका, भजनवाले, आमची मंडळी, सगळे हो म्हणाले. माझ्यापाशी आल्यावर मी म्हटलं, माझा 'हो' नाही. मग कारणही सांगितलं, कारण लपवून ठेवणं मला कधी जमलेलं नाही. तो आवाज माझ्या आईचा आहे, म्हटलं, आणि मला तो हवा आहे.

मला वाटलं होतं की निदान आमची नाटकवाली माणसं तरी हसतील. आमचा दिग्दर्शक तर पेपरातलं राशिभविष्यसुद्धा मोठ्याने वाचून त्याची टिंगल करणारा माणूस. तो त्या मोकळ्या जागेकडे बघत राहिला आणि त्याने हळूच विचारलं, "गुडघे दुखायचे ना गं त्यांचे? खाली बसवत असेल का?"

मग त्याने उठून कोपऱ्यातली एक प्लास्टिकची खुर्ची आणली, रुमालाने पुसली आणि त्या जागेत ठेवली. त्या क्षणी मला जितकी भीती वाटली तितकी आधी कधीच वाटली नव्हती, आणि तितकं प्रेमही मला या माणसांबद्दल कधी वाटलं नव्हतं.

नियम म्हणजे नियम. एकाचा 'हो' नसेल तर ती गोष्ट ठरत नाही, म्हणून बोळवण थांबली. बोळवण नाही म्हणजे मांडवात माणूस बसवून ठेवून नवीन लग्न लावायचं, ते मावशींना चालेना, म्हणून दुसरा प्रयोगही थांबला. वाशीचं नाट्यगृह मिळालं होतं, ती तारीख आम्ही सोडली. कोणी मला एका शब्दाने बोललं नाही. दर शनिवारी कामं ठरवताना बोळवणीचा विषय यायचा, सगळे माझ्याकडे बघायचे, मी नकारार्थी मान हलवायचे आणि पुढचा विषय निघायचा. कोणीतरी भांडायला हवं होतं असं मला वाटायचं. भांडणारा समोर असला की मला सोपं जातं.

उलट ते लोक निघायच्या आधी माझ्यासाठी एक ओळ म्हणायचे. हेही कोणी ठरवलं नव्हतं. मी एकदा लवकर जाऊन एकटीने म्हणून पाहिलं होतं, घरी स्वयंपाकघरातही म्हणून पाहिलं होतं. काही आलं नव्हतं. ती फक्त सगळ्यांमध्ये यायची. म्हणून ते सगळे सतरंज्या गुंडाळायचं थांबून, पिशव्या खांद्याला लावलेल्या असताना, एक ओळ म्हणायचे आणि श्वास धरून उभे राहायचे. मग आईचा शब्द यायचा. मग सगळे बाहेर पडायचे, आणि मी तुर्भे स्टेशनपर्यंत अशी चालत जायचे की बघणाऱ्याला वाटावं, हिचं काहीतरी शुभ ठरलंय.

असे बरेच शनिवार गेले. मग आवाज मागे पडायला लागला. आधी तो अर्ध्या शब्दाने मागे असायचा, तो अख्ख्या शब्दाने मागे राहू लागला. नंतर सगळे थांबल्यावर आम्हाला इतका वेळ वाट बघावी लागायची की बाहेर ट्रक मागे घेऊन उभा राहून बंद व्हायचा, आणि तेव्हा कुठे तो शब्द यायचा, तोही पुरता नाही. आणि तो खुर्चीतून येत नव्हता. तो शटरपाशी गेला होता. दाराशी उभं राहून, आत तोंड करून कोणी बोलावं, तसा तो यायचा. भजनी मंडळातले एक आजोबा त्या वेळी दाराजवळ बसायचे, ते उठून आत सरकले आणि नंतर कधी तिकडे बसले नाहीत.

मला ते कळत होतं. मी फक्त मान्य करत नव्हते.

एके दिवशी भर दुपारी मावशी रिक्षाने वाशीला माझ्या घरी आल्या. मी चहा केला. तो त्यांना बेचव लागला आणि तसं त्यांनी सांगितलं. भिंतीवरचा आईचा फोटो त्यांनी चष्मा काढून जवळून पाहिला. मग त्यांनी मला विचारलं, की आई कुणाकडे पाहुणी गेली की कशी वागायची.

मी सांगितलं. आई कुणाकडे गेली की निघताना 'येते मी' म्हणायची आणि उठून दारापाशी जाऊन उभी राहायची. पण घरची बाई दारात येऊन 'बरं, या हं' म्हणेपर्यंत तिचा पाय उंबऱ्याबाहेर पडायचा नाही. तसं निघणं तिला उद्धटपणाचं वाटायचं. एकदा तर घरची बाई आत फोनवर बोलत राहिली आणि आई चपला घालून तिच्या दाराशी ताटकळत उभी राहिली होती. मी घ्यायला गेले तेव्हा तिचे पाय सुजले होते. 

मावशी माझ्या शेजारी सरकून बसल्या.

"आमची मेलेली जुनी हाईत," त्या म्हणाल्या, "शंभर लग्नां जेवलेली. कोनी सांगो नको सांगो, ती आपली आपन जातात. बुवाचा बापूस गेला, तुमचे डायरेक्टरचा भाव गेला. तुजी आये आमचे मांडवान पयल्यांदा आयली. ती तुज्यासाठी नाय थांबली, बाय. तिला कोनी जा बोललंच नाय, म्हनून थांबली हाय."

माझा संताप झाला. मी म्हटलं, ही चूक तुमची आहे, बोळवण तुम्ही गाळलीत. त्या अजिबात चिडल्या नाहीत. चूक त्यांची होती, बुवांची होती, आमच्या दिग्दर्शकाचीही होती, असं त्यांनी कबूल केलं. सगळ्यांची होती म्हणूनच ती कोणी एकट्याने उचलली नव्हती.

"पन नाव तुज्या तोंडून आयलं," त्या म्हणाल्या. "तवा घरची बाय तू."

मग त्यांनी मला बोळवणीच्या ओळी शिकवल्या, तिथेच, सोफ्यावर, माझी मांडी थोपटून ताल धरत. अवघड काही नव्हतं. जेवलात, मांडव पाहिलात, आता आपल्या घरी जा, एवढाच अर्थ. मी अडखळले ती 'जा'पाशी. आमच्या घरात निघणाऱ्याला कोणी 'जा' म्हणत नाही, 'ये' म्हणतात. मी विचारलं, 'या' म्हटलं तर चालणार नाही का. मावशींनी माझ्याकडे नुसतं पाहिलं, आणि मी तो प्रश्न परत विचारला नाही.

शनिवारी गोलात विषय निघाला तेव्हा मी 'हो' म्हटलं.  बुवांनी टाळ जमिनीवर ठेवले. मावशींनी मला मधे उभं राहायला सांगितलं, आणि मला ते फार अवघड गेलं, कारण इतक्या दिवसांत त्या गोलाच्या मधे कोणी एकटं उभं राहिलंच नव्हतं. मी तसं म्हणाले. मावशी म्हणाल्या, बोलवायला सगळे मिळून चालतात, पोचवायला कोणातरी एका माणसाला दारापर्यंत जावंच लागतं.

मग मी दाराकडे तोंड केलं. शटर अर्धं वर होतं, बाहेर ऊन होतं. बाकीची नावं मावशींनी म्हटली, रीत म्हणून, आणि ती सगळ्यांनी झेलली. शेवटचं नाव माझ्याकडे आलं. मी आयुष्यात आईला कधी नावाने हाक मारली नव्हती. मी तिचं नाव घेतलं, जेवलीस, मांडव पाहिलास म्हटलं, आणि जा म्हटलं. माझा सूर पार बिघडला होता. तरी तिन्ही मंडळांनी ती ओळ जशीच्या तशी झेलली आणि सगळे थांबले.

आम्ही वाट पाहिली. कोणी हललं नाही. मला वाटलं, ती गेली, ओळ न म्हणताच गेली. आणि मग शटरपाशी तिने सुरुवात केली. ती पूर्ण ओळ होती, पहिल्यापासून, स्वतःचं नाव घेऊन, एकही शब्द न गाळता. बऱ्याच दिवसांनी तिचा आवाज दमलेला नव्हता. शेवटचा 'जा' तिने म्हटला तो मात्र आतून आला नाही, रस्त्यावरून आला.

मावशींनी मला खुणावलं की बोळवणीची अजून एक ओळ बाकी आहे, मांडव मोडल्याची. मी ती म्हटली. मागे बायका होत्या, भजनवाले होते, आमची सगळी मंडळी होती. सगळ्यांनी ती झेलली, आणि सगळे एकाच वेळी थांबले.